खुर्च्या मागे सरल्या तेव्हा: ब्रिटिश रिदम अँड ब्लूजची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९५८ मध्ये शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स पहिल्यांदा इंग्लंडला आला. बरोबर पियानोवादक ओटिस स्पॅन होता आणि हातात इलेक्ट्रिक गिटार. शिकागोच्या दक्षिण भागातल्या बारमध्ये तो ज्या आवाजात वाजवायचा, त्याच आवाजात त्याने लीड्सच्या संगीत महोत्सवात वाजवलं. लोक दचकले. किंचाळणाऱ्या गिटारबद्दल वर्तमानपत्रांत नापसंती छापून आली. आपलं नेमकं काय चुकलं, ते मडीला कळेना.

चूक त्याची नव्हतीच. ब्रिटनमध्ये ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या गाण्याचे, जे मोजके जाणकार होते, त्यांच्या लेखी ब्लूज गाणारा म्हणजे बिग बिल ब्रूंझी. तो १९५१ पासून तिकडे येत होता. साधी लाकडी गिटार, शेतमजुराची गाणी, मधेमधे गावाकडच्या आठवणी. गंमत अशी की हाच ब्रूंझी तीस आणि चाळीसच्या दशकांत शिकागोमध्ये पियानो-ड्रम घेऊन चांगली शहरी, ठसकेबाज गाणी रेकॉर्ड करत होता. युरोपातल्या श्रोत्याला शेतातून थेट आलेला माणूस हवा आहे, हे त्याने ओळखलं आणि तसा तो झाला. मडीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे १९६३ साली ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’च्या ताफ्याबरोबर मडी परत आला, तो धडा घेऊन. या वेळी त्याने साधी गिटार आणली. आणि आता श्रोत्यांना इलेक्ट्रिक हवी होती!

मधल्या पाच वर्षांत श्रोताच बदलला होता. खुर्चीत बसून, हनुवटीला हात लावून ब्लूज ऐकणारा मागे पडला होता आणि घामाघूम होऊन नाचणारा पुढे आला होता. ब्रिटिश रिदम अँड ब्लूजमध्ये जी रग आहे, ती माझ्या मते या नाचणाऱ्याची देणगी आहे. हा इतिहास नेहमी गिटारवाल्यांच्या नावांनी सांगितला जातो. इथे तो जरा नाचाच्या फरशीवरून पाहू.

‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव मुळात बाजारातलं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठीच्या रेकॉर्डना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने हे नाव काढून टाकलं आणि तिथला वार्ताहर जेरी वेक्सलर याने सुचवलेलं नवं नाव लावलं. आज आर अँड बी (हेच नाव, थोडक्यात) म्हटलं की जे मऊ, रेशमी गाणं डोळ्यांसमोर येतं त्याच्याशी इथे संबंध नाही. इथे बोलतोय ते मडी वॉटर्स, हाउलिंग वुल्फ, चक बेरी, बो डिडली, जिमी रीड यांच्या संगीताबद्दल.

त्याची चौकट साधी आहे. १२ बार (तालाचे खंड), प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन आणि त्यात बहुधा तीनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह). आपल्याकडच्या कानाला आवर्तन नवीन नाही, अडचण टाळीची होते. ड्रमरचा कडक फटका पडतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सम गाठायची सवय असलेला हात तिथे हमखास चुकतो. त्यात शफल असला की प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे होतात, एक लांब आणि एक आखूड, आणि सगळी चाल डुलायला लागते. माउथ ऑर्गनची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. गाणं ई पट्टीत असेल तर वाजवणारा ए पट्टीचा माउथ ऑर्गन घेतो. त्यामुळे महत्त्वाचे स्वर फुंकून न येता श्वास आत ओढून येतात, आणि ओढलेला स्वर जिभेने, घशाने खाली वाकवता येतो. शिकागोच्या लिटल वॉल्टरने माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही मुठीत धरून अँप्लिफायरमध्ये सोडले, तेव्हा त्या खिशातल्या वाद्याला सॅक्सोफोनचं अंग आलं.

हे सगळं ब्रिटनपर्यंत पोचायला मात्र वेळ लागला, आणि त्याला एक सरकारी कारणही आहे. १९३५ पासून अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवायचे परवाने जवळजवळ मिळत नव्हते. दोन्ही देशांच्या वादक संघटनांचं भांडण होतं. ते मिटलं १९५६ च्या सुमारास, तेही एकास एक अदलाबदलीच्या अटीवर. एकटा गायक ‘व्हरायटी’चा कलाकार म्हणून येऊ शकत असे. ब्रूंझी एकटा, गिटार घेऊन का यायचा, याचं निम्मं उत्तर या नियमात आहे. बाकी जे यायचं ते रेकॉर्डमधून, खलाशांच्या पेट्यांमधून, अमेरिकन हवाई तळांवरच्या सैनिकांकडून.

या कोंडीत वाट काढणारा माणूस म्हणजे ट्रॉम्बोनवादक क्रिस बार्बर. त्याचा बँड जुन्या न्यू ऑर्लिन्स वळणाचा जॅझ वाजवायचा, पण त्याचे कान मोकळे होते. १९५७ मध्ये सिस्टर रोझेटा थार्प, ५८ मध्ये सनी टेरी आणि ब्राउनी मॅकगी, मग मडी वॉटर्स, हे सगळे त्याच्या बँडबरोबर ब्रिटनभर फिरले. त्याच्याच बँडमधला बँजोवादक लॉनी डोनेगन याने १९५४ मध्ये ‘रॉक आयलंड लाइन’ रेकॉर्ड केलं. ते १९५६ मध्ये असं गाजलं की देशभरातल्या पोरांनी कपडे घासायची पत्र्याची फळी आणि चहाची रिकामी पेटी घेऊन बँड काढले. हाच तो स्किफल. फळीवर अंगुस्ताने घातलेली बोटं फिरवायची आणि पेटीला काठी-दोरी बांधून बास काढायचा. संगीत म्हणून त्यातलं फारसं टिकलं नाही, पण आपणही वाजवू शकतो ही धिटाई एका पिढीत आली ती तिथून.

लंडनमध्ये सोहोतल्या वॉर्डोर स्ट्रीटवर ‘राउंडहाउस’ नावाचा पब होता. वरच्या मजल्यावर सिरिल डेव्हिस स्किफल क्लब चालवायचा. पेशाने तो मोटारींचे पत्रे ठोकून सरळ करणारा कारागीर. बारा तारांची गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवायचा. त्याला भेटला अॅलेक्सिस कॉर्नर. जन्म पॅरिसचा, वडील ऑस्ट्रियन, आई ग्रीक. जर्मन बॉम्ब पडत असताना आपण जिमी यान्सीचा पियानो रेकॉर्डवर ऐकला आणि तेव्हाच ठरलं, असं तो सांगायचा. दोघांना स्किफलचा कंटाळा आला होता. त्यांनी तिथेच ब्लूजचा क्लब सुरू केला, आणि मडी वॉटर्स ऐकल्यावर अँप्लिफायर आणले. जॅझच्या क्लबांना विजेची वाद्यं म्हणजे विटाळ वाटायचा, त्यामुळे यांच्यासाठी दारं बंद होऊ लागली.

मग १७ मार्च १९६२ रोजी पश्चिम लंडनच्या टोकाला, ईलिंग ब्रॉडवे स्टेशनसमोर, एका बेकरीखालच्या तळघरात दोघांनी स्वतःचा क्लब उघडला. बँडचं नाव ‘ब्लूज इनकॉर्पोरेटेड’. जागा इतकी कोंदट की गर्दीच्या घामाची वाफ छताला लागून थेंबथेंब गळायची. खाली माइक, अँप, विजेच्या तारा. शॉक बसू नये म्हणून स्टेजवर ताडपत्री ताणावी लागे. खुर्च्या ठेवायला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच बरं झालं.

त्या तळघरातल्या माणसांची यादी आज वाचली की दडपायला होतं. ड्रमवर चार्ली वॉट्स, दिवसा जाहिरात कंपनीत चित्रं काढणारा. नंतर त्याच्या जागी जिंजर बेकर. बासवर जॅक ब्रूस. चेल्टनहॅमहून आलेला ब्रायन जोन्स ‘एल्मो लुइस’ असं टोपणनाव घेऊन स्लाइड गिटार वाजवायचा. ७ एप्रिलला मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स त्याला ऐकून थक्क झाले. हे दोघे डार्टफर्डचे, लहानपणचे ओळखीचे, १९६१ च्या ऑक्टोबरात स्टेशनवर पुन्हा भेटलेले. भेटीचं निमित्त जॅगरच्या काखेतल्या रेकॉर्ड. चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या त्या रेकॉर्ड. ब्रिटनमधल्या दुकानांत असल्या गोष्टी मिळायच्या नाहीत, म्हणून तो थेट शिकागोच्या ‘चेस’ कंपनीला लिहून टपालाने मागवायचा.

मे महिन्यात कॉर्नरच्या बँडला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ‘मार्की’ क्लबात गुरुवार मिळाला. १२ जुलैला बँडला बीबीसीच्या जॅझच्या कार्यक्रमात जायचं होतं. रिकाम्या जागी उभी राहिलेली जॅगर, रिचर्ड्स, जोन्स वगैरे मंडळी म्हणजे रोलिंग स्टोन्स, नाव मडीच्याच गाण्यावरून उचललेलं. वर्षअखेर डेव्हिस आणि कॉर्नर वेगळे झाले. कॉर्नरला सॅक्सोफोन आणि जॅझची मोकळीक हवी होती, डेव्हिसला निव्वळ शिकागो. डेव्हिसच्या नव्या बँडचं ‘कंट्री लाइन स्पेशल’ १९६३ मध्ये निघालं. आगगाडीसारखं धडधडणारं ते माउथ ऑर्गन ऐकलं की अमेरिकेबाहेर त्या वेळी असं कोणी वाजवत असेल यावर विश्वास बसत नाही. जानेवारी १९६४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो वारला. सहा महिन्यांनी जे वादळ आलं ते पाहायला तो हवा होता. त्याला ते आवडलं असतं असं मात्र मी म्हणणार नाही.

वादळाची तयारी त्याआधीच, रिचमंडच्या ‘स्टेशन हॉटेल’मध्ये, १९६३ च्या पूर्वार्धात सुरू झाली होती. जॉर्जिओ गोमेल्स्की तिथे रविवारी ‘क्रॉडॅडी’ क्लब चालवायचा. सुरुवातीला लोक स्टोन्सपुढे नुसते उभे राहायचे, कारण या संगीताला कसं नाचायचं हेच कोणाला माहीत नव्हतं. शेवटी गोमेल्स्कीचा एक सहकारी टेबलावर चढून हात हवेत फिरवत नाचू लागला. बघताबघता सगळी खोली तशीच नाचायला लागली. स्टोन्स मोठे होऊन गेल्यावर त्यांची जागा यार्डबर्ड्सनी घेतली. त्यांनी गाण्याच्या मधोमध एक भाग आणला, ज्याला ‘रेव्ह-अप’ म्हणत. लय दुप्पट व्हायची, गिटार, बास, माउथ ऑर्गन एकमेकांवर चढत जायचे, आवाज छताला भिडायचा आणि मग एकदम गाणं पुन्हा जमिनीवर. मार्च १९६४ मध्ये ‘मार्की’त ध्वनिमुद्रित केलेल्या त्यांच्या अल्बममध्ये हे ऐकायला मिळतं. हे शिकागोत नव्हतं. नाचणाऱ्यांना आणखी चढवायच्या नादात ते इथेच जन्मलं.

या पोरांना मडीसारखं गाता येत नव्हतं, हे उघड आहे. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यातून शिकागोला गेलेल्या चाळिशीच्या माणसाचा आवाज विशीतल्या उपनगरी मुलाच्या गळ्यातून कसा निघणार? बरेचसे आर्ट स्कूलमधले: रिचर्ड्स सिडकपचा, एरिक क्लॅप्टन किंग्स्टनचा, पीट टाउनशेंड ईलिंगचा. युद्धानंतरचं रेशनिंग १९५४ मध्ये संपलं होतं, सक्तीची लष्करभरती १९६० नंतर थांबली, हप्त्यांवर वस्तू घेणं सोपं झालं आणि १९५९ पासून अमेरिकन गिटार आयात होऊ लागल्या. हातात थोडे पैसे, मोकळा वेळ आणि अठराव्या वर्षी अंगात असते ती घाई. वेदना आणता येत नव्हती तिथे त्यांनी वेग आणला. जिमी रीडचं आळसावलेलं, पाय ओढत चालणारं गाणं यांच्या हातात पडलं की धावत सुटायचं. पंडितांना हा उणेपणा वाटला. मला तो या संगीताचा खरा शोध वाटतो.

सगळ्यात जिवंत जागा कुठली असं विचारलं तर मी ईलिंगचं किंवा रिचमंडचं नाव घेणार नाही. वॉर्डोर स्ट्रीटवरचा ‘फ्लेमिंगो’. तिथे दारूचा परवाना नव्हता आणि आठवड्याच्या शेवटी रात्रभर, पहाटेपर्यंत संगीत चालायचं. मुख्य म्हणजे श्रोते: अमेरिकन तळांवरचे कृष्णवर्णीय सैनिक, कॅरिबियन बेटांतून येऊन लंडनमध्ये स्थिरावलेले लोक, सोहोतले रात्रीचे जीव आणि नीटनेटके सूट घातलेली मॉड पोरं. म्हणजे इथे हे संगीत ज्यांचं, तेच समोर नाचत होते. फसवेगिरी चालण्यासारखी नव्हती. लँकशरमधल्या कापडगिरणीत काम केलेला जॉर्जी फेम इथे तयार झाला. सैनिक त्याला घरून आलेल्या रेकॉर्ड आणून देत. त्यातूनच अमेरिकन वादक बुकर टीचा ऑर्गन त्याच्या कानावर पडला आणि त्याने पियानो सोडून हॅमंड ऑर्गन घेतला. घानाचा स्पीडी अक्वे काँगा वाजवायचा. सप्टेंबर १९६३ मध्ये त्याच क्लबात त्यांचा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. ब्लूज, जमैकाचा स्का, जॅझ, सगळं एकाच ताटात, आणि मागे सतत लोकांचा कल्ला. ब्रिटिश रिदम अँड ब्लूज कुठून ऐकायला सुरुवात करू, असं कोणी विचारलं तर मी हाच अल्बम हातात देतो.

लंडनबाहेरही हीच आग होती. न्यूकॅसलच्या ‘क्लब अ गोगो’त अॅनिमल्स, बर्मिंगहॅममध्ये स्पेन्सर डेव्हिस ग्रुप आणि त्यातला मिसरूडही न फुटलेला स्टीव्ह विनवुड, बेलफास्टच्या ‘मॅरिटाइम हॉटेल’मध्ये ‘देम’ आणि व्हॅन मॉरिसन, मँचेस्टरमध्ये ‘ट्विस्टेड व्हील’. मँचेस्टरमध्येच मे १९६४ मध्ये ग्रॅनडा टीव्हीने एक अफलातून प्रकार केला. विल्ब्रहम रोडच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टेशनचा साज चढवला, प्रेक्षक एका फलाटावर, कलाकार समोरच्या फलाटावर. पाऊस कोसळला. सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून उतरली आणि ओल्या फलाटावर जाड कोट घालून, खांद्याला पांढरी इलेक्ट्रिक गिटार लावून उभी राहिली. ते चित्रण आजही पाहायला मिळतं, आणि त्यापुढे त्या काळातल्या भल्याभल्या गिटारवाल्यांची मिजास उतरते.

डिसेंबर १९६४ मध्ये स्टोन्सचं ‘लिटल रेड रूस्टर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. विली डिक्सनने लिहिलेलं, हाउलिंग वुल्फने गायलेलं, संथ, नाचायला अवघड असं अस्सल ब्लूज. त्याच वर्षी जूनमध्ये ते ‘चेस’च्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंगही करून आले होते. मे १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘शिंडिग’ कार्यक्रमात त्यांच्यामुळे हाउलिंग वुल्फला बोलावणं गेलं, तेव्हा पन्नाशीच्या त्या धिप्पाड गायकाला अनेक गोऱ्या अमेरिकन घरांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्याच देशातलं संगीत त्यांना लंडनच्या पोरांनी दाखवावं! यात कृतज्ञता होती, तशी गोरी मक्तेदारीही होती. नावं आणि पैसे नेहमीच मूळ मालकापर्यंत पोचले नाहीत. डिक्सनला लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडवर १९८५ मध्ये दावा लावावा लागला, तो दोन वर्षांनी तडजोडीने मिटला.

मार्च १९६५ मध्ये क्लॅप्टनने यार्डबर्ड्स सोडलं. त्यांचं नवं गाणं त्याला फार पॉप वाटलं. तो जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये गेला आणि पुढच्या वर्षी गिब्सन लेस पॉल गिटार मार्शल अँप्लिफायरला जोडून, आवाज पूर्ण चढवून एक अल्बम केला. हे अँप ईलिंगच्या शेजारच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या दुकानात जन्मले होते. गिटारचा तो जाड, लांबत जाणारा सूर पुढच्या सगळ्या रॉकचा पाया ठरला, याबद्दल वाद नाही. पण त्या सुराबरोबर नाचणारे थांबले. लोक पुन्हा उभे राहून, मग खाली बसून, गिटारच्या लांबलचक सोलोंकडे टक लावून पाहायला लागले. पीटर ग्रीनसारखा एखादा गिटारवादक कमी स्वरांत काळीज हलवायचा, बाकीच्यांनी पाठांतर दाखवलं. यार्डबर्ड्सचा शेवटचा गिटारवादक जिमी पेज याने त्यातूनच लेड झेपलिन काढलं. १९७२ मध्ये तो आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन बासरीवादक विजय राघव रावांच्या मदतीने इथल्या वादकांबरोबर दोन गाणी ध्वनिमुद्रित करूनही गेले. तोवर तळघराचा त्याच्याशी संबंध फारसा उरला नव्हता.

नाचणारे गेले कुठे? बरेचसे सोल या अमेरिकन कृष्णवर्णीय नाचगाण्याकडे. हवाई दलाची नोकरी करताना इंग्लंडला आलेला अमेरिकन गायक जीनो वॉशिंग्टन ‘राम जॅम बँड’ घेऊन क्लब गाजवत होता, ‘ट्विस्टेड व्हील’मध्ये रात्र-रात्र डेट्रॉइटच्या रेकॉर्ड वाजत होत्या. रिदम अँड ब्लूज पबच्या मागच्या खोलीत जाऊन बसलं.

तिथून ते पुन्हा उठलं ते सत्तरच्या दशकात, थेम्सच्या मुखाशी, कॅन्वे आयलंडवर. तेलाच्या टाक्या आणि १९५३ च्या पुरानंतर उंचावलेला बांध, असा तो भाग. ‘डॉक्टर फीलगुड’ बँडमधला गिटारवादक विल्को जॉन्सन इंग्रजी साहित्याचा पदवीधर, पदवीनंतर खुष्कीच्या मार्गाने भारतात येऊन गेलेला, काही काळ शिक्षक. तो पिक (तार छेडायची पट्टी) वापरत नसे. उघड्या बोटांनी तारांवर असे फटके मारायचा की ताल आणि सोलो एकाच हातातून निघत. ही रीत त्याने साठच्या दशकातल्या मिक ग्रीनकडून घेतली होती. वाजवताना डोळे वटारून स्टेजवर सरळ रेषेत मागेपुढे सटासट फिरायचा, शेजारी ली ब्रिलो मळक्या सूटमध्ये माउथ ऑर्गन घेऊन. दहा-दहा मिनिटांचे सोलो आणि महागडे स्टेज सजावटीचे खेळ यांच्या काळात हे दोन-तीन मिनिटांचं गाणं वाजवून पुढच्या गाण्याला हात घालायचे. त्यांचा पहिला अल्बम जानेवारी १९७५ मध्ये निघाला, तोही स्टिरिओ न करता मोनोमध्ये. १९७६ च्या ‘स्टुपिडिटी’ या प्रत्यक्ष कार्यक्रमातल्या अल्बमने ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. पुढच्या वर्षी पंक रॉकचा स्फोट झाला तेव्हा त्यातल्या कितीतरी मुलांनी विल्कोला पाहून गिटार हातात घेतली होती.

जानेवारी २०१३ मध्ये विल्कोने स्वादुपिंडाच्या कर्करोगाची बातमी जाहीर केली. केमोथेरपी नाकारून तो निरोपाच्या दौऱ्यावर निघाला. ‘द हू’च्या रॉजर डॅल्ट्रीबरोबर आठवड्याभरात अल्बम केला, तो २०१४ मध्ये पुन्हा जिवंत केलेल्या ‘चेस’च्या नावाखाली निघाला. त्याच वर्षी शस्त्रक्रियेत तीन किलोचा ट्यूमर काढला आणि माणूस वाचला. पुढची आठ वर्षं तो वाजवत राहिला, नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात लंडनला त्याचा कार्यक्रम झाला होता.